दुसरं टोक

"मी काही वर येत नाही गं. चौकशीत तुझं तू सांग," मावशी म्हणाल्या आणि चादरीची आपली दोन टोकं त्यांनी ताणून धरली.

समोरची दोन टोकं धाकटीच्या हातात होती. दवाखान्याच्या धुलाईखान्यात घड्या दोघींनी मिळून घालायच्या. मागे सरून चादर ताणायची, मग पुढे येऊन टोकाला टोक लावायचं. आज धाकटी पुढे आलीच नाही.

"परवापर्यंत तर वाघिणीसारख्या गुरगुरत होतात."

"परवा जोर होता अंगात. मुकादम बसून करायचं काम देतो म्हणतोय. गुडघे बघ माझे. थकले बाई मी."

थकवा खोटा नव्हता. पण धाकटीच्या जावेची बोटं इस्त्रीच्या गरम रुळात गेली, तेव्हा शेजारी उभ्या होत्या त्या एकट्या मावशीच. चादरी भराभर निघाव्यात म्हणून रुळापुढची जाळी मुकादमानेच काढायला लावली होती. आता तो म्हणत होता, बाईच वेंधळी, जाळी तिनेच काढली. धाकटी पडली घरची, तिचं ऐकतंय कोण?

"मावशी, पाहिलेलं मागे घेता येतं का हो?"

"पाहिलेलं राहतं गं उरावर. बोललेलं तेवढं मागे घेते."

धाकटीने हातातली टोकं मावशींच्या हातात दिली, हात पुसले आणि एकटीच जिना चढून गेली. मावशींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चादर तशीच गोळा करून त्या स्टुलावर टेकल्या.

पलीकडे जावेच्या जागी आजच आलेली बाई रुळात चादर सारत होती. सकाळी साहेबांना दाखवायला बसवलेली जाळी, ते जाताच काढून पुन्हा भिंतीला टेकवली होती. चादरीला चुणी पडली. ती सरळ करायला बाईने बोटं पुढे नेली.

"हात काढ! अगं, आधी हात काढ!"

मावशी एवढ्याने ओरडल्या की सगळ्यांची कामं थांबली. नवी बाई दचकून मागे झाली. हात शाबूत होता. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि हसली.

"केवढ्याने ओरडलात मावशी! का हो, इथं कुणाचा हात गेलाय की काय?"

सगळ्याजणी मावशींच्या तोंडाकडे बघू लागल्या.