साडेसातची सुटका

कार्डिफच्या नणंदेचा, एनिडचा फोन रोज सातला यायचा आणि "चल गं, मालिका लागली" म्हणत बेरिल साडेसातला सुटायची. मग तिच्या नवऱ्याने, अल्विनने निवृत्तीच्या उत्साहात पत्त्यांच्या कॅटाएवढ्या कॉम्प्युटरवर कसलंसं सॉफ्टवेअर चढवलं आणि मालिका आपोआप रेकॉर्ड व्हायला लागली. वर हे कौतुक बहिणीला सांगून मोकळा!

"वा, मग आता घाईच नाही तुला!" एनिड म्हणाली.

आज सव्वाआठ झाले. एनिडचे गुडघे संपून शेजारणीचं मांजर सुरू झालं होतं. बेरिलचा चहा कधीच गार झाला होता.

तेवढ्यात पलीकडून एनिडचा नवरा करवादला, "अगं, ठेव की आता!"

रिसीव्हरवर हात ठेवून एनिड कुजबुजली, तरी बेरिलला स्वच्छ ऐकू आलं.


"फोन मी केलाय, मग मीच कसा ठेवू? इतकी वर्षं साडेसातला तीच सोडवायची मला!"