लाल टिकलीचं बटण

"गंगूबाई चार दिवसांपासून इहिरीवर नाही," सहदेवराव म्हणाले. "उद्धव, पाय बरं लेका. काही झालं तर नसन तिले?"

रविवारची दुपार. उद्धव पलंगावर पालथा पडून मोबाईल चाळत होता. "कोण गंगूबाई, बाबा?" त्यानं मानही न वळवता विचारलं.

"अरे, हे काय, कम्प्युटरातली!"

दिवाळीनंतर सहदेवरावांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. मूर्तिजापूरजवळचं शेत बटईनं, निम्म्या वाट्यावर, कसायला देऊन ते अकोल्याला मुलाकडे राहायला आले. फिजिओवाल्या बाई म्हणाल्या, बोटं हलती ठेवा. मग उद्धवनं आपला कॉलेजातला जुना खेळ लावून दिला. त्यात एक वाटसरू गावोगाव हिंडतो आणि भेटेल त्याच्याशी बोलतो. समोरचा बोलला की पडद्यावर तीन उत्तरं येतात. एक, दोन किंवा तीनचा आकडा दाबला की आपलं उत्तर गेलं. माउस धरायला नको, काही नको. लुळ्या बोटाला याहून सोयीचं काय असणार!

अडचण एवढीच की सगळं इंग्रजीत. सहदेवरावांना इंग्रजी येत नाही, आणि बोलण्याची तर भारी हौस. "ही काय म्हणून राहिली रे?" "हा लोहार काहून तापला?" दर दोन मिनिटांनी हाक. तिसऱ्याच दिवशी उद्धव वैतागला. बायकोच्या, चारुशीलेच्या, पाकिटातली एक लाल टिकली काढून त्यानं एकच्या बटणावर चिकटवली. "बाबा, एक म्हणजे हो. हेच दाबत जा. काही बिघडत नाही."

त्याला ठाऊक नव्हतं, असं मुळीच नाही. हा खेळ त्यानं दोनदा संपवला होता. एक म्हणजे दर वेळी हो नसतं, हे त्याला चांगलं माहीत होतं. पण समजावत कोण बसणार!

म्हातारा मात्र खूश. त्यांनी पडद्यावरच्या माणसांना आपल्या गावातली नावं दिली. लोहार झाला नत्थुजी, विहिरीवर उभी असणारी बाई गंगूबाई. जन्मभर दारात आलेल्याला या माणसानं नाही म्हटलं नव्हतं. कुणाला बैलजोडी पाहिजे, कुणाला दवाखान्यात सोबत पाहिजे, सहदेवराव धोतर सावरत निघालेच. खेळातही तोच खाक्या. रोज सकाळी आंघोळ झाली की आधी गंगूबाईकडे जायचे, टिकलीवर बोट टेकवायचे आणि चारुशीलेला ऐकवायचे, "आज बी हो म्हटलं तिले."

उद्धव कुरकुरत उठला. आतापर्यंतचं सगळं बोलणं खेळात एका बटणावर उघडतं. त्यानं ते उघडलं.

बाई म्हणाली होती: माझा मुलगा जंगलात गेला तो परत आला नाही, शोधायला माझ्यासोबत येता का? खाली तीन उत्तरं होती. पहिलं, मला वेळ नाही. दुसरं, चला, येतो. तिसरं, त्याचं नाव काय?

मला वेळ नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मला वेळ नाही. ओळी वर सरकत होत्या आणि संपायचं नाव घेत नव्हत्या. बाईचं बोलणं दर खेपेला थोडं थोडं कमी होत गेलं होतं. शेवटी ती म्हणाली होती, आता विचारत नाही, माझी मीच जाते. त्याच्याखालीसुद्धा तेच, मला वेळ नाही.

उद्धवची कानशिलं तापली. हे वाक्य त्याच्या चांगलं ओळखीचं होतं. याच खोलीत, याच माणसाला, दिवसातून कितीदा तरी त्यानं ते ऐकवलं होतं.

"काय लिवलं आहे?" सहदेवराव खुर्चीतून पुढे वाकले. "मी तर हरेक खेपेले हो म्हटलं. म्हटलं ना?"

खरं सांगून टाकावं म्हणून त्यानं तोंड उघडलं. म्हाताऱ्याचा लुळा हात मांडीवर पडून होता.

"म्हटलं बाबा. बरोबर म्हटलं तुमी."

"मंग गेली काहून?"

"ते... लेकाजवळ गेली. राहाले."

स्वतःचीच किळस आली त्याला. एकदा फसवून भागलं नव्हतं, आता वरून हे.

सहदेवरावांचा जीव भांड्यात पडला. "लेकाजवळ गेली? मंग चांगलंच झालं की! एकटी किती दिवस उभी राहीन थे इहिरीवर? आता बोलाले माणूस तरी भेटलं तिले."

उद्धवनं त्या ओळी बंद करून खेळ पुन्हा सुरू केला.

"चाल, आता नत्थुजीकडे जाऊ." सहदेवरावांनी वाटसरूला लोहाराच्या दुकानाशी नेलं. लोहार हातोडा खाली ठेवून काहीतरी बोलला आणि खाली तीन उत्तरं उमटली. पहिलं उद्धवनं वाचलं: बाजूला हो, म्हाताऱ्या. तेवढ्यात सहदेवरावांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून एक बोट सरळ केलं आणि हसतमुखानं टिकलीकडे नेलं.

उद्धवनं ते बोट मधेच धरलं. "थांबा बाबा. तो काय म्हणून राहिला ते मी वाचून सांगतो. मंग दाबा."

सहदेवरावांनी बोट सोडवून घेतलं नाही. त्याच्या तोंडाकडे बघत त्यांनी विचारलं, "तुले येळ आहे?"