एस्तेरची बसायची जागा

“वाच ना वं बेटा. काहून चूप बसली?”

सिंधूताईंनी मोठ्या अक्षरांचं शास्त्र, घरातलं बायबल, एस्तेरच्या मांडीवर ठेवलं होतं. मेंढपाळांची गोष्ट, घरातल्या रोजच्या वाचनातली. नऊ वर्षांची एस्तेर नुसती पानाकडे पाहत राहिली. तोंडातून अक्षर फुटेना.

तिची आई प्रेमिला शेजारीच बसली होती. कालच तर पोरीनं हीच गोष्ट धडाधड वाचली होती! पण सांगून कोण ऐकणार? सिंधूताई म्हणजे नवऱ्याची, देवरावांची, थोरली बहीण, अमरावतीला मास्तरीण, आणि नाताळला आल्या त्या ठरवूनच. पोरीला वाचता आलं तर ती इथंच सक्करदऱ्यात आईजवळ राहील. नाही आलं, तर आत्यासोबत अमरावतीला. देवरावांनी बहिणीला तसा शब्द देऊन टाकला होता. पोरीचे फ्रॉक सकाळीच पेटीत भरून झाले होते.

सिंधूताईंचा हेतू वाईट नव्हता हो. सांध्यांच्या तापानं एस्तेरचं हृदय नाजूक झालेलं. धंतोलीच्या डॉक्टरांनी तिची शाळा बंद केली, तेव्हापासून आईच तिची बाई. सिंधूताईंची खोली शाळेच्या आवारातच, चालायचं काम नाही. सगळं बरोबर होतं. पण आईच्या जिवाला ते कोण समजावणार?

आणि प्रेमिलाची शाळा तरी कशी! हिवाळ्यात अंगणातल्या उन्हात, तुरीच्या शेंगा सोलता सोलता. उन्हाळ्यात वाळ्याच्या ओल्या ताटीआड, हातात शिवण घेऊन. पावसाळ्यात चुलीपाशी, भाकरी थापत. पुस्तक स्टुलावर, आई अलीकडे, पोरगी पलीकडे. आधी छोटीशी प्रार्थना, मग धडा. पिठाचं बोट अक्षरावर ठेवून प्रेमिला म्हणायची, आणि पोरगी मागून म्हणायची.

“मले वाटलंच होतं,” सिंधूताई हळूच म्हणाल्या. “तू जीव तोडून केलं वं प्रेमिला. पण घरात शाळा होत नाही. मी नेतो हिले.”

देवबापा, माझंच काहीतरी चुकलं असेल, पण पोरीला दूर नको धाडू, एवढंच प्रेमिला मनात म्हणत राहिली. देवराव दारावरच्या नाताळच्या ताऱ्याकडे पाहत उगाच खाकरले.

तेवढ्यात एस्तेर उठली. शास्त्र उचलून तिनं आईच्या पुढ्यात स्टुलावर ठेवलं, आईला सरळ दिसेल असं. मग स्वतः पलीकडे जाऊन फतकल मारून बसली आणि वाचायला लागली. खणखणीत आवाजात, कुठंही न अडखळता, सगळी गोष्ट.

पाठ केली असेल, असं वाटून सिंधूताईंनी भलतंच पान उघडलं. पोरीनं तेही वाचलं. सिंधूताई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या, पानाकडे वाकून पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

“अवं माय! हे पोरगी तर उलट्या बाजूनं वाचून राहिली!”

प्रेमिलाला तेव्हा कुठं उमगलं. कामाच्या नादात, आपल्याला अक्षर दिसावं म्हणून, तिनं पुस्तक कायम आपल्या बाजूनं सरळ ठेवलं होतं. पोरगी बिचारी उलटीच अक्षरं शिकली आणि तीच सरळ समजून बसली. प्रेमिलाला हसूही आलं आणि रडूही आलं.

सिंधूताई तर पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत उठल्या आणि पेटीतले फ्रॉक एकेक काढून खाटेवर ठेवू लागल्या.

“पुढच्या नाताळले येईन, तेव्हा सरळ वाचून दाखव मले. समजलं?”

“चुकलं वं माझं, बेटा,” प्रेमिलानं पोरीच्या केसांवरून हात फिरवला. “उद्यापासून तू माझ्या बाजूले बसत जा.”

एस्तेरनं जोरात मान हलवली.

“नाही. बाजूले बसलं का तुझं तोंड नाही दिसत.”