वेणीतला पारा

"खांद्याच्या वर काप," ती खुर्चीत बसत म्हणाली. "मानेला टेकता कामा नयेत."

पार्लरवालीने तिची वेणी हातात घेतली. कमरेखाली जाणारी, हाताला चांगली जड लागणारी वेणी. "उद्या डॉक्टरांची माणसं केस न्यायला येणार, आणि आज तू कापायला निघालीस? लांब केसांच्या बायकांचेच हवेत म्हणाले ना ते सभेत?"

"म्हणूनच."

बाहेर बाकावर तिचे सासरे नातवाला मांडीवर घेऊन बसले होते. पोर दोन वर्षांचं झालं, तरी मान धरत नव्हतं. म्हाताऱ्याचा एक हात सतत त्याच्या डोक्यामागे. होडी बंद झाल्यापासून त्या हाताला तेवढंच काम उरलं होतं.

सभेत डॉक्टरांनी समजेल असं सांगितलं होतं. कारखान्याने खाडीत सोडलेला पारा माशांत गेला, माशांतून माणसांत. पाऱ्याला गंधकाची भारी ओढ. अंगात जिथे गंधक सापडेल तिथे तो चिकटतो, आणि केसांत गंधक भरपूर. एकदा तिथे बसला की हलत नाही. कितीही धुवा, तेल चोपडा. केस महिन्याला जेमतेम बोटाच्या रुंदीएवढा वाढतो. त्यामुळे लांब केस मुळापासून तपासत गेलं, की कुठल्या महिन्यात किती पारा पोटात गेला ते कळतं.

"अगं, कारखान्याची मानगूट धरायला हाच तर पुरावा आहे," पार्लरवाली आवाज खाली आणत म्हणाली.

"त्यासाठी गावात शंभर वेण्या आहेत, ताई. माझ्या वेणीत भलत्याच माणसाचं नाव निघेल."

"कोणाचं?"

तिने आरशातून बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. "मला दिवस गेले तेव्हा खाडीत मोठा मासा मिळेनासा झाला होता. सासरे पहाटे उठून खाडीतच पार लांबवर जायचे. जो मिळेल तो माझ्या एकटीच्या ताटात. स्वतः शेपटीवर भागवायचे. 'खा पोरी, पोटातला हुशार निघाला पाहिजे.' मला नको नको व्हायचं, तरी ताटावरून उठू द्यायचे नाहीत. नेमक्या त्याच महिन्यांचा आकडा चढलेला दिसला, तर हा माणूस जगेल का?"

पार्लरवालीने वेणीला वर एक रबर घट्ट बांधलं आणि कात्री लावली. केस दाट होते. कात्री दोनदा घसरली, मग करकरत आरपार गेली.

"जाळून टाक," ती म्हणाली. "कोणी विचारलंच, तर पोर ओढतं म्हणून कापली, असं सांगू."

तेवढ्यात दार ढकलून सासरे आत आले. नातू खांद्यावर होता. त्यांनी सुनेची उघडी मान पाहिली. मग टेबलावरची वेणी पाहिली.

"बाबा, हा सारखा ओढतो ना, म्हणून म्हटलं..."

"त्याची मूठ कुठे वळते अजून, पोरी."

पार्लरवाली उगाच कंगवा पुसत बसली.

"सभा उठल्यावर मी मागे थांबलो होतो," सासरे म्हणाले. "डॉक्टरला विचारलं, मासे खाल्ले हिने, मग ही धडधाकट आणि पोर असं, हे कसं? तर म्हणाला, पोटातलं पोर आईच्या अंगातला पारा आपल्याकडे ओढून घेतं. आणखीही काही सांगत होता. मी निघून आलो."

"तुम्हाला काय ठाऊक होतं, बाबा? कोणालाच ठाऊक नव्हतं."

"खरं आहे. पण भरवलं मी."

त्यांनी नातवाला तिच्या मांडीवर दिलं. तिचा हात त्याच्या मानेखाली येईपर्यंत आपला काढला नाही. मग टेबलावरची वेणी दोन्ही तळव्यांवर उचलून घेतली.

"ही उद्या द्यायची," ते म्हणाले. वेणी त्यांनी एकदा उलटी केली, एकदा सुलटी. "यातलं जुनं टोक कुठलं? उलटी गेली तर महिने चुकतील."

पार्लरवालीने मान फिरवली. सुनेने एका हाताने पोराचं डोकं सावरलं, दुसरा हात लांबवला आणि वेणीचं निमुळतं टोक त्यांच्या बोटांत दिलं.