चार आटे

लाल गाडी पुणे रस्त्याला लागून दिसेनाशी झाली, तरी राजशेखर आपल्या टायरच्या दुकानाच्या दारातच उभा होता. मागच्या चाकांचे बोल्ट चारच आटे आत गेले होते. फिरवताना त्यानं मोजले होते, त्यामुळे आपल्याला माहीत नव्हतं अशी स्वतःची समजूत घालायचीही सोय नव्हती.

जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी स्पोर्ट्स कार होती ती. जुळे सोलापुरातल्या अनिमेषनं ती पुण्याहून सेकंडहँड आणली होती आणि तिला मूळच्यापेक्षा रुंद चाकं बसवायची त्याला भारी हौस. रुंद चाक आतल्या बाजूला घासतं, म्हणून मध्ये बोटभर जाडीची चकती घालून ते बाहेर काढावं लागतं. चकती आली की बोल्टही तेवढाच लांब लागतो. पुढच्या दोन चाकांना लांब बोल्ट पुरले. मागच्यांसाठी आणून ठेवायला राजशेखर साफ विसरला होता. स्पेअर पार्टवाल्या बसूच्या दुकानात ते मिळाले असते, पण जाऊन यायला अर्धा तास मोडला असता.

आणि मंगळवार होता. तीनला राहुकाळ लागत होता. अनिमेषची आई यशोदाबाई देवळाच्या पूजेअर्चेतल्या घरातली. त्यांचा डोळा घड्याळावरून हलत नव्हता.

"तीनच्या आत चाक फिरलंच पाहिजे हं, राजशेखर. भावाला गाडी दाखवायला नातेपुत्याला निघालोय."

राजशेखरनं जुनेच आखूड बोल्ट आवळले. यशोदाबाईंनी नारळ फोडला. त्यांना वाकवत नव्हतं, म्हणून चारी चाकांखाली लिंबं त्यानंच ठेवली. अनिमेषची आठ वर्षांची मुलगी ओवी मागच्या इवल्याशा सीटवर पाय दुमडून बसली. लिंबं चिरडत गाडी पुढं सरकली तेव्हा त्यानं नेहमीसारखी टपावर थाप मारली आणि नेहमीसारखंच म्हणाला, "जावा बिनघोर."

सात आट्यांच्या खाली बोल्ट सोडायचा नाही, हे तीस वर्षं तोच दुसऱ्यांना शिकवत आला होता. बाईंची भीड पडली म्हणावं, तर तेही खरं नव्हतं. माझ्याकडून राहिलं, अर्धा तास थांबा, एवढं म्हणायची त्याला लाज वाटली होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी त्यानं फोन लावला.

"बोला काका!" अनिमेष खुशीत होता. "काय चिकटून चाललीय रस्त्याला! मागून जरा खडखड येतेय, नवीन चाकांची असेल ना?"

राजशेखरनं स्कूटरची किल्ली उचलली. "गाडी बाजूला घ्या. हाय तितंच."

"का? काय झालं?"

खरं ते ओठांवर आलं होतं. बाहेर पडलं भलतंच. "मागच्या डाव्या चाकाखाली लिंबू ठेवायचं राहिलं की. मी घेऊन येतो. तवर गाडी हलवू नका."

"अहो काका, लिंबासाठी कुठं..." अनिमेष हसायला लागला, पण मागून यशोदाबाई कडाडल्या, "थांबव आधी!"

बसूकडून लांब बोल्ट घेऊन, जॅक पायाशी ठेवून राजशेखर स्कूटरवरून निघाला. लांबोटीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती. यशोदाबाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभ्या होत्या आणि ओवी त्यांच्या सावलीत.

"आलोच हाय तर चाकंबी बघतो," असं पुटपुटत त्यानं जॅक लावला. डाव्या चाकाचा एक बोल्ट जागेवर नव्हताच. दोन नुसत्या बोटांनी निघून आले. ते त्यानं झटकन खिशात टाकले. उरलेले काढून दहाच्या दहा लांब बोल्ट त्यानं बसवले आणि प्रत्येकाला मनात मोजलं. दोनदा पाना निसटला. मग त्यानं लिंबू ठेवलं आणि अनिमेषनं गाडी हातभर पुढं घेतली.

यशोदाबाईंचे डोळे भरून आले. "एवढ्या उन्हात एका लिंबासाठी कोण येतं हो आजकाल? ओवी, पाया पड आजोबांच्या."

ओवी पुढं आली.

"नगं, पोरी," राजशेखर म्हणाला. त्यानं खिशातून ते दोन बोल्ट काढून तळहातावर धरले. "बाई, मी खोटं बोललो. लिंबू ठिवलं होतं. चारी चाकांखाली ठिवलं होतं. बोल्ट आखूड घातले मी. मला ठाव होतं, तरी घातले. चाक निघून पडलं असतं तुमचं."

अनिमेषनं त्याच्या हातातला एक बोल्ट उचलला. तो बोल्टकडे बघत राहिला, मग ओवीकडे. राजशेखर मान खाली घालून उभा राहिला. अनिमेषनं शिवी द्यावी, कानाखाली मारावी, काय हवं ते करावं, असं त्याला मनापासून वाटत होतं.

यशोदाबाईंनी मात्र सुटकेचा मोठा श्वास सोडला. "म्हणजे लिंबू ठेवलं होतं?"

"व्हय."

"मग त्यानंच राखलं बघा आम्हाला. आणि त्यानंच तुम्हाला फोन करायची बुद्धी दिली." त्यांनी ओवीच्या पाठीवर हात ठेवला. "पड गं पाया."

ओवी वाकली. राजशेखर मागं सरकला, पण मागं स्कूटर होती आणि पाय मागं घ्यायला जागाच उरली नव्हती.