बोळाएवढी जागा

"एकच हरकत आलीय," नगर अभियंत्यांनी कागद वास्तुकाराच्या पुढ्यात सरकवला. "खिडकीवाली मावशी. दुसरं कोण असणार!"

जुन्या पेठेत नगराचं नवं वाचनालय व्हायचं होतं. पेठेचा नियम होता, की बांधकामाआधी जागेवर बांबू आणि दोरांचा पूर्ण मापाचा सांगाडा तीस दिवस उभा करायचा. लोकांनी बघायचं, डोळ्यांत खुपलं तर लिहून द्यायचं.

"म्हणणं काय आहे त्यांचं?"

"समोरचा बोळ बुजतो म्हणे. पोरगं बापाशी भांडून त्याच बोळातून निघून गेलं, वीस वर्षं झाली. बाप गेला, ही अजून वाटेकडे डोळे लावून बसलीय. जा, समजूत घाल. घर दाखवायला शिपाई देऊ? तिथं जन्मलेलेही चुकतात."

"सापडेल."

सापडलंही, कुणाला न विचारता.

खोली एवढीशी. खाट, शिवणयंत्र, खिडकीशी खुर्ची. भिंतीवर एका मुलाचा फोटो. वास्तुकार त्याच्याकडे पाठ करून बसला.

"मावशी, पलीकडून रुंद रस्ता होतोय. येणारा तिकडूनही येईल."

"धीट असता तर आला असता रे. माझा बोलण्यात वाघ, मनात ससा. तो आधी बोळाच्या तोंडाशी थांबणार, मी खिडकीत आहे का बघणार. दिसले नाही तर आल्या पावली परत."

वास्तुकारानं खिडकीतून पाहिलं. सांगाड्याचे दोर नेमके बोळाच्या तोंडावरून गेले होते.

"तुमची ती हजार पुस्तकं मला काय करायचीत? हरकतसुद्धा शेजारणीनं लिहून दिली. मला एकच चेहरा वाचता येतो, बाबा." मग ती त्याच्याकडे बघत राहिली. "येणारा प्रत्येक जण आधी त्याचं नाव विचारतो. तू नाही विचारलंस."

"राहून गेलं," तो म्हणाला, आणि तिनं सांगायच्या आत उठला.

आठवड्यानं त्यानं नवे नकाशे टेबलावर पसरले. वाचनालयाचे दोन भाग झाले होते. मधून बोळ तसाच जात होता, आभाळासकट.

अभियंते भडकले. "एका म्हातारीपायी वाचन-दालन निम्मं? तुझी कोण लागते ती?"

"कुणी नाही. बोळ राहणार नसेल, तर या कामावर माझं नाव नको."

"नाव नको म्हणे! आणि समितीला मी काय सांगू?" त्यांनी नकाशा स्वतःकडे ओढला. पेन काढलं. "वाऱ्यासाठी ठेवलाय म्हणतो. समितीला वाऱ्यातलं काय कळतंय!"

सांगाडा सोडून नव्या मापानं बांधला. शेवटचा दोर ताणला, तेव्हा वास्तुकार स्वतः बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला आणि त्यानं वर पाहिलं.

खिडकीतली म्हातारी ताडकन उठली. एक हात वर गेला. मग तिनं ओळखलं, आणि हळूच खाली बसली.

तो जिना चढून वर आला. "दिसतं?"

"लख्ख." तिनं पदरानं डोळे टिपले. "आता तो आला ना, की आधी तुझ्याकडे धाडते. म्हणेन, बघ, तुझी वाट या परक्या माणसानं राखली. पोटच्या पोरासारखा धावलास रे."

"येतो मी," तो म्हणाला. आणि जिना उतरून बोळातून निघून गेला.

तिचा मुलगा सतरा वर्षांपूर्वीच परत यायला निघाला होता. एकट्याला धीर होईना, म्हणून या घराची वाट वळणावळणानं सांगत त्यानं एका मित्राला सोबत घेतलं होतं. आणि भर नदीत होडी कलंडली, तेव्हा आपण तरी काठाला लागावं म्हणून वास्तुकारानं त्याचं मनगट सोडून दिलं होतं.