मळ

"बाई, मळ काढायचं काही औषध द्या," म्हणत गब्बूच्या आईनं लेकीची वेणी वर उचलली.

मानेवर काळा, जाडसर पट्टा होता आणि कडेची कातडी सोलवटली होती.

"टाचा घासायच्या वजरीनं घासते रोज. तरी निघत नाही. शाळेतल्या पोरी विचारतात, तुमच्याकडे पाणी येत नाही का?"

नऊ वर्षांची गब्बू जमिनीकडे बघून हसली. सगळ्यांच्या आधी हसून घ्यायची तिला सवय लागली होती.

नर्सबाईंनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. मुलांचा काटा तो. शेवटच्या रेघेला जाऊन थडकला. साखर बघायच्या दोनच पट्ट्या डब्यात उरल्या होत्या. त्यातली एक काढून त्यांनी गब्बूचं बोट टोचलं. आकडा दोनदा वाचला.

"हा मळ नाही. वजनापायी रक्तातली साखर वाढलीय, तिची ही खूण. उद्याच मोठ्या दवाखान्यात न्या. चिठ्ठी देते."

"साखर? म्हाताऱ्यांचा रोग माझ्या पोरीला?" आईचा आवाज चढला. "आणि वजन वाईट कधीपासून झालं हो? मग ते कुणी लावलंय?"

तिचं बोट भिंतीकडे होतं. भिंतीवर गब्बूचाच फोटो. मांड्यांना वळ्या पडलेलं वर्षाचं बाळ, अंगावर फीत : 'सुदृढ बालक, पहिला नंबर'. फीत नर्सबाईंनीच घातली होती. लाडानं गब्बू म्हणायलाही त्यांनीच सुरुवात केली होती.

"चुकलं माझं," नर्सबाई म्हणाल्या. "भरवत राहा, असं मीच सांगत होते."

"तुमचीच दृष्ट लागली मग!" आईनं गब्बूचं मनगट धरलं.

दारातून गब्बूनं मागे वळून विचारलं, "बाई, म्हणजे मी घाण नाहीये?"

"नाही गं, बाळा."

तोवर आईनं तिला ओढत बाहेर नेलं होतं. चिठ्ठी टेबलावरच राहिली.

नर्सबाई स्टुलावर चढल्या. फोटो खिळ्यावरून उचलला, तशी रांगेतली पुढची बाई कडेवरच्या किरकिऱ्या पोराला सावरत म्हणाली, "राहू द्या ना बाई तिथंच! इथं भरवताना हा त्याच्याकडे बघत बघतच चार घास जास्त खातो."